लोणा लागलेली भिंत

भिंत बघायची म्हणजे तिला अंगठा लावायचा. नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, कारण पाहणीला माणसं येणार म्हटल्यावर गरिबाघरची बाई भिंत अशी सारवून ठेवते की बघणाऱ्याला वाटावं, हिला नवं घर हवंच कशाला? अंगठा दाबला की खरं काय ते कळतं. माती घट्ट लागली तर भिंत अजून चार पावसाळे काढील. भुगा पडला तर दोन. आणि अंगठा आत जाऊन कारवीची काडी कटकन मोडली, तर फॉर्मवरच्या तिसऱ्या चौकटीत खूण करायची. पहिली चौकट 'चांगली', दुसरी 'बरी', तिसरी 'पडायला आलेली'. त्या तिसऱ्या चौकटीवर घर मिळायचं. या अंगठ्याने मी किती जणांना घरं मिळवून दिली, हे निवृत्त झाल्यावर माझी मीच मला सांगत असते. एक भिंत मात्र मी त्यात धरत नाही.

मी मूळची कराडकडची. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि लग्न होऊन बोईसरला आले. नवरा कारखान्यात, आठवड्याला बदलणारी पाळी, भाड्याची एक खोली. आधी औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे शेड बांधून घेण्याचं काम केलं. तिथे बाई म्हणून कुणी ऐकेना, तेव्हा ओरडायला शिकले. ओरडणं पुढे इतकं अंगवळणी पडलं की घरचे म्हणायचे, तू देवाला नमस्कारही हुकूम सोडल्यासारखा करतेस. त्यानंतर एका धर्मादाय संस्थेत लागले आणि तिथेच केस पांढरे केले. संस्थेचं काम सोपं होतं. कारखाने आणि काही खाऊनपिऊन सुखी माणसं देणगी द्यायची आणि आम्ही रुळाच्या पूर्वेकडच्या पाड्यांमध्ये घरं बांधून द्यायचो. दोन खोल्या, मोरी, ओटा आणि वर न गळणारं छप्पर. तिथली जुनी घरं कुडाची. कूड म्हणजे कारवीच्या काड्या उभ्या बांधून दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेली भिंत. उन्हाळ्यात तिच्यासारखा गारवा नाही, पण पावसाने एकदा खालून धरली की गेलीच.

देणारे नाना तऱ्हेचे. एकाने एका पाड्याला पंखे दिले, तिथे वीज यायची होती. वर्षभर ते पंखे आढ्याला लटकले आणि पोरं काठीने ढकलून ते फिरवायची. एकाने वडिलांच्या नावाची पाटी पाठवली ती एवढी मोठी की जिथे खिडकी यायची तिथे पाटी आली. दानाच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात, पण त्या घरातली म्हातारी मला म्हणाली होती, ''बाई, वारा कुठून येल? ह्या नावातून?'' मी हसले आणि पुढच्या घराकडे वळले. हसण्यावारी नेणं हाही आमच्या धंद्याचाच भाग होता.

देणाऱ्यांत एक प्रमिलाकाकू होत्या. चिंचणीच्या, निवृत्त शाळामास्तरीण, घरची चिकूची वाडी. दर वर्षी गणपती झाले की त्यांचा फोन यायचा. ''सुमन, यंदा दोन खिडक्या माझ्या. नाव घालू नकोस. फक्त खिडकी कुठल्या अंगाला हवी ते घरातल्या बाईला विचार.'' मी हो म्हणायचे आणि नकाशात होती तिथेच खिडकी बसवायचे. काकूंना हे पुढे कळलं. रागावल्या नाहीत. ''देणाऱ्यानं विचारायचं असतं गं,'' एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा ते शाळेतल्या सुविचारासारखं वाटलं.

आमच्या संस्थेचा आणखी एक नियम होता, 'आधी' आणि 'नंतर'. पाहणीच्या दिवशी जुन्या घराचे दोन फोटो काढायचे, एक बाहेरून आणि एक आतल्या सगळ्यांत वाईट भिंतीचा. घर झाल्यावर बाहेरचा फोटो त्याच जागेवरून पुन्हा काढायचा. म्हणजे देणाऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं की आपल्या देणगीने काय झालं. यात वाईट काही नाही. पण त्यासाठी नवं घर जुन्याच जागेवर उभं राहायला हवं, आणि जुनं आधी पाडायला हवं.

देवजीचं घर यादीत आलं ते साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी माझी सासू गेली. देवजी वारली, बोईसरच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. बायको आणि दीड वर्षाची मुलगी. मुलीच्या छातीत पावसाळाभर घरघर असायची. अर्ज त्यानेच केला होता. पाहणीला गेले तेव्हा तो कामावर होता आणि घरी त्याची आई होती, रखमी. बारीक चणीची आणि कमी बोलणारी. आमच्या भागातले वारली देवाला, साहेबाला आणि शेजाऱ्याला एकच 'तू' वापरतात. मला ते आवडायचं. ऑफिसात दिवसभर मॅडम मॅडम ऐकल्यावर कुणी तरी आपल्याशी बोलतंय असं वाटायचं.

घर लहान पण लखलखीत होतं. तीन भिंती सारवून गुळगुळीत. अंगठा लावला तर दुसऱ्या चौकटीच्या पुढे जाईनात. म्हणजे घर मिळणं कठीण. मग मी आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि तिथली मागची भिंत बघून मला बरंच वाटलं. तिला कित्येक वर्षांत सारवणाचा हात लागलेला नव्हता. पोपडे सुटलेले, दोन जागी काड्या उघड्या पडलेल्या, धुराने काळवंडलेली. आणि मधोमध पांढरट डागांची ओळच्या ओळ. मी बोटाने चाचपलं. पांढरी भुकटी बोटाला आली. मी मनाशी म्हटलं, लोणा. ओल चढली की मातीतला खार भिंतीवर फुलतो, त्याला लोणा म्हणतात. अशी भिंत वाचत नाही. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली, 'लोणा लागलेली' असं बाजूला लिहिलं आणि फ्लॅश टाकून फोटो काढला.

रखमी दारात उभी होती. म्हणाली, ''ती भित नको, बाई.''

''काय नको?''

''ती नको लिवू. ती राहू दे.''

मला वाटलं, हिला लाज वाटते आहे. तीन भिंती लख्ख आणि चौथीची ही दशा, पाहुण्याने नेमकी तीच बघावी, कुठल्याही बाईला वाईटच वाटेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ''अगं वेडे, हिच्यामुळंच तर तुला घर मिळतंय.''

तिने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. नात दुडदुडत येऊन तिच्या पायाला बिलगली होती आणि घरघर मला चार हातांवरून ऐकू येत होती. रखमीने तिला उचलून घेतलं.

होळी झाल्यावर काम सुरू झालं. कुटुंबाने बाजूला मांडव घातला आणि भांडी, कपडे, कोंबड्या तिकडे नेल्या. देवजी नुसता आनंदात होता. सुट्टी घेऊन स्वतः दगड वाहत होता. रखमी मात्र सामान हलवून झाल्यावरही आतल्या खोलीतच बसून राहिली. दोनदा सांगितलं तरी उठेना. शनिवारी देणगीदार कंपनीची माणसं पायाभरणीचा फोटो काढायला येणार होती आणि त्याआधी जागा मोकळी हवी होती. पाडकामाच्या वेळी बायका रडतात हे मला माहीत होतं. जुनं ते जुनं, जीव अडकतोच. म्हणून मी दर वेळी करायचे तीच युक्ती केली. तिला म्हटलं, ''मावशी, मिस्त्री तहानलेत. विहिरीवरून दोन हंडे आण बघू.'' माणसं तहानलेली आहेत म्हटल्यावर ती उठली.

ती वळणापलीकडे गेली आणि मी छप्पर उतरवायला सांगितलं. पेंढा आणि कौलं खाली आली आणि त्या खोलीत लख्ख ऊन पडलं. आमचे रामअवध मिस्त्री जौनपूरचे, मितभाषी माणूस. ते पहार घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले आणि थांबले.

''मॅडम, इसपे कुछ बना हुआ है. एक बार देख लीजिए.''

मी बघितलं. उन्हात ते अगदी स्पष्ट होतं. मोठा चौकोन, चारी बाजूंना नक्षीची किनार, आत देवी. बाहेर शिडी, फणी, एका कोपऱ्यात सूर्य, एका कोपऱ्यात चंद्र. रेघा थरथरत्या हाताने काढलेल्या, कुठे कुठे पुसलेल्या. तो लग्नाचा चौक होता. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो काढतात, त्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की त्याचं काम संपतं आणि पुढच्या सारवणात तो झाकला जातो.

वारली चित्रं मी पाहिली नव्हती अशातला भाग नाही. ती आमच्या ऑफिसच्या जिन्यात होती, साहेबांच्या चहाच्या कपावर होती, देणगीदारांना आम्ही द्यायचो त्या पिशव्यांवर होती. फक्त ज्या घरात ती असायला हवीत तिथे मला लोणा दिसला.

मिस्त्री पहार टेकून उभे होते. ''रुकें क्या? माताजी को आने दें?''

मी घड्याळ बघितलं. मी खरं तेच सांगते आहे, मी घड्याळ बघितलं. आणि म्हटलं, ''कशाला थांबायचं? चौक काय, दुसरा काढता येतो. पाडा.''

त्यांनी एक क्षण वाट बघितली. मी ओरडले. मग त्यांनी पहार घातली.

रखमी दोन हंडे घेऊन आली तेव्हा धूळसुद्धा बसली नव्हती. तिने आधी मिस्त्रींना पाणी दिलं, मग मला दिलं. मग मांडवातून सूप आणलं आणि ढिगाऱ्यापाशी बसून मातीची ढेकळं उचलून बघायला लागली. ज्यांवर पांढरी रेघ होती ती सुपात ठेवत होती, बाकीची बाजूला टाकत होती. रडत नव्हती. मी जवळ गेले आणि काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, ''मावशी, कुणाच्या लग्नाचा होता?''

''सोमीचा,'' ती म्हणाली. ''माझी पोर.''

''ती कुठं असते?''

''नाय आता. पयल्या बाळतपणात गेली. गाडी नाय मिलली.'' तिने हातातलं ढेकूळ सुपात ठेवलं. ''फोटू काडला नाय आमी कदी तिचा. लगीन हुता त्या भितीवर, म्हून नाय सारवली मी.''

देवजी शेजारीच दगड रचत होता. त्याला हे माहीत होतं आणि तो मला काही बोलला नव्हता. नंतर एकदा मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, ''बोललो असतो, तर तू भित सोडून गेली असतीस. मग घर कसा मिलला असता? माझ्या पोरीचा काय?'' मला त्याचा राग आला नाही. त्याने एक बहीण आणि एक मुलगी यांतून निवड केली होती. ती निवड त्याच्यावर लादणारा फॉर्म आम्ही तयार केला होता.

घर झालं, पावसाच्या आत झालं आणि चांगलं झालं. यात मी खोटा नम्रपणा दाखवणार नाही. त्या पावसाळ्यात मुलीच्या छातीची घरघर थांबली. कंपनीचे साहेब आले, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली रखमीच्या हातात दिली, टाळ्या वाजल्या आणि मी जुन्या जागेवर उभं राहून 'नंतर'चा फोटो काढला. महिन्याभराने तपासणीला गेले तर आतल्या खोलीत मागच्या भिंतीखाली मातीचा चुरा पडला होता. देवजीच्या बायकोने सांगितलं, सासूने सुपातली ती ढेकळं भिजवून, शेणात कालवून नव्या भिंतीवर लिंपली. पण आम्ही आतून ऑइलपेंट दिलेला. दोन दिवसांत सगळं सुटून खाली आलं. पुन्हा लिंपलं, पुन्हा पडलं. शेवटी तिने तो चुरा गोळा करून दारच्या वालाच्या आळ्यात टाकला. मी तपासणीच्या कागदावर 'समाधानकारक' लिहिलं, कारण घराला तडा कुठेच नव्हता.

आता माझी खरी चूक सांगते. पाडलं त्याच दिवशी, ऑफिसात परतल्यावर, मी पाहणीचा फोटो कॉम्प्युटरवर उघडून बघितला होता. फ्लॅशच्या उजेडात चौक पूर्ण आला होता. शिडी, फणी, चंद्र, सगळं. मी जिला लोणा म्हटलं ती सोमीच्या लग्नाची रेघ न् रेघ माझ्याकडे होती. त्याची एक प्रत काढून पाड्यावर नेऊन द्यायची, इतकंच करायचं होतं. मी ते केलं नाही. नेलं असतं तर सांगावं लागलं असतं की हे माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं, मी बघितलं आणि मला दिसलं नाही. आज नको, दिवाळीनंतर नेऊ. मग शिमगा झाला की नेऊ. पुढे तिच्या पाड्याचं काम संपलं आणि माझं तिकडे जाणं थांबलं. ऑफिसची जागा बदलली तेव्हा जुने कॉम्प्युटर भंगारात गेले. मला कळलं तेव्हा आत कुठे तरी हायसं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

एक गोष्ट मात्र मी लगेच केली होती. साहेबांशी भांडून फॉर्मवर शेवटी एक ओळ वाढवली, 'या घरातलं काय पाडायचं नाही?' साहेब म्हणाले, लोक काहीही मागतील. लोकांनी फार काही मागितलं नाही. एकीने उखळ रोवलेली जागा मागितली. एका म्हाताऱ्याने अंगणातला ताड, कारण त्याखाली बापाशी शेवटचं बोलणं झालं होतं. एकीने खिडकी शेताच्या बाजूला मागितली, म्हणजे चुलीपाशी बसून गुरं दिसतील. ती खिडकी प्रमिलाकाकूंची होती आणि त्यांनी सांगितलं तशी विचारून बसवलेली ती पहिली. देणाऱ्यांच्या पदरचं त्यात जास्त काही गेलं नाही. विचारायला पाच मिनिटं लागायची, तेवढीच काय ती जास्त.

निवृत्तीनंतर एकदा चिंचणीला काकूंकडे गेले होते. त्या आता अंथरुणाला खिळल्यात, पण स्मरणशक्ती तल्लख. त्यांनी जपून ठेवलेली कागदपत्रं उशाशीच होती आणि त्यांत आमच्या संस्थेचं एक जुनं माहितीपत्रक निघालं. मधल्या पानावर दोन फोटो शेजारी शेजारी. डाव्या फोटोखाली 'आधी', उजव्याखाली 'नंतर'. 'नंतर'मध्ये पिवळं घर आणि पुठ्ठ्याची किल्ली धरलेली रखमी. 'आधी'मध्ये ती भिंत. छापणाऱ्याला बाहेरच्या फोटोपेक्षा आतला जास्त भीषण वाटला असावा. मी ते पान काकूंपुढे धरलं. काकूंनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ''आणि हे तू मला काय दाखवत बसलीस? जिचं आहे तिला दे जा.''

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून पाड्यावर गेले. घर अजून उभं आहे, रंग दोनदा बदललाय. घरघरणारी मुलगी आता शाळेत वरच्या वर्गात आहे. रखमी ओट्यावर वाल सोलत बसली होती. मला ओळखलं. ''भितीवाली बाई,'' असं नातीला सांगितलं. मी तिच्यापुढे पत्रक उघडलं आणि क्षमा मागायला सुरुवात केली, पण ती ऐकत नव्हती. तिने हात साडीला पुसले आणि बोट त्या फोटोवर ठेवून चौकाच्या किनारीवरून हळूहळू फिरवलं. शिडीपाशी थांबली, चंद्रापाशी थांबली. मग खालच्या अक्षरांवर बोट ठेवून नातीला विचारलं, ''ह्या काय लिवलाय?''

''आधी,'' नात म्हणाली. ''म्हणजे पयला काय व्हता, ता.''

रखमीने मान हलवली. ''हां. आदी सोमी व्हती.''

मग तिने कागदाची घडी मधोमध घातली, नखाने दाबली आणि सावकाश फाडून दोन तुकडे केले. डावा तुकडा पोलक्यात ठेवला. उजवा, पिवळ्या घराचा आणि किल्लीचा, माझ्यापुढे धरला.

''हा तू ने, बाई,'' ती म्हणाली. ''ह्यात मी यकटीच हाय.''

तो अर्धा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे.